देवीदासभाऊंचा कोरा लॅपटॉप

हिवरखेडच्या बसस्टँडसमोर माझं शिवणकामाचं दुकान आहे आणि त्याला लागून देवीदास वानखडे यांचा फोनचा बूथ. बूथच्या मागेच त्यांचं घर. मधली भिंत एका विटेची, त्यामुळे तिकडचं सगळं इकडे ऐकू येतं, आणि मी काही कान झाकून बसणाऱ्यातली बाई नाही.

भाऊंना अजिबात दिसत नाही. जन्मापासून तसं नव्हतं. अकोल्याला कॉलेजात होते तेव्हा आधी रात्रीचं दिसेनासं झालं, मग बाजूचं, मग समोरचंही धूसर. अमरावती झाली, नागपूर झालं, डॉक्टरांनी हात टेकले. त्याच सुमारास चांदूर रेल्वेच्या कौशल्यावहिनींशी लग्न झालं. "कौशल्याचं तोंड मी दिसत होतं तवाच पाहून घेतलं, उधार ठेवलं नाही," असं भाऊ सांगतात आणि वहिनी लाजून आत जातात. पुढे पूर्ण अंधार झाल्यावर वहिनींचा भाऊ जीप घेऊन त्यांना न्यायला आला होता. वहिनींनी त्याला पिठलं-भाकर खाऊ घातली आणि रिकामी जीप परत पाठवली. हे मला त्यांच्या सासूबाईंनी सांगितलं. वहिनी स्वतः त्याबद्दल बोलत नाहीत.

पुढे अपंगांच्या कोट्यातून भाऊंना बूथ मिळाला. त्या काळात बूथ म्हणजे गावाचा कान होता. कापूस घरात भरून ठेवलेले लोक सकाळीच यायचे, अकोल्याच्या अडत्याला भाव विचारायचे आणि तोंड पाडून बाहेर यायचे. भाऊंना निम्म्या गावाचे नंबर पाठ होते. माणूस नुसता खोकला तरी त्याचा नेहमीचा नंबर ते फिरवायला लागत. ती वर्षं वाईट होती. पेपर उघडला की पहिल्याच पानावर कुठल्या तरी गावच्या शेतकऱ्यानं जीव दिल्याची बातमी असायची. कधी कुणी यायचा, बाकावर बसायचा, कुठलाच नंबर सांगायचा नाही. भाऊ त्याला काही विचारत नसत. माझ्या दुकानाच्या भिंतीवर टकटक करून म्हणत, "सबीहा, दोन चहा सांग." मग तास तास तो माणूस बोलत राही. काय बोलला ते भाऊंनी कधी मलासुद्धा सांगितलं नाही, आणि मी विचारायला कमी केलं नव्हतं.

मग ज्याच्या त्याच्या खिशात मोबाइल आला आणि बूथ झोपला. रिचार्ज मारून द्यायचं काम तेवढं उरलं. दुपारी गिऱ्हाईक नसायचं, तेव्हा वहिनी पेपर घेऊन बसायच्या. वहिनींची शाळा चौथीतच सुटलेली, पण पेपर मात्र त्या मथळ्यापासून हरवल्याच्या जाहिरातीपर्यंत वाचून दाखवायच्या. भिंतीपलीकडून रोज तेच ऐकू यायचं.

"पुढं वाच ना."

"पाण्याचा घोट तं घेऊ द्या."

"कापसाचं काय लिवलं ते पह्यले पाह्य."

मला त्या आवाजाची इतकी सवय झाली होती की एखाद्या दुपारी वहिनी माहेरी गेल्या की माझी शिलाई वाकडी जायची.

वाचायची सोय अशी होती. लिहायचं दुखणं मात्र वेगळंच होतं. भाऊ अमरावतीला जाऊन ब्रेल शिकून आले होते. जाड कागदावर टोचून टोचून पानंच्या पानं लिहायचे. पण गावात ते वाचणारं होतं कोण? "मी लिवतो ते दुनियेले दिसत नाही अन् दुनिया लिवते ते मले दिसत नाही," असं म्हणायचे. एकदा हट्टानं साधा पेन घेऊन फोनच्या ऑफिसला अर्ज लिहायला बसले. ओळीवर ओळ चढू नये म्हणून फूटपट्टी ठेवली, पान भरून लिहिलं आणि वहिनींच्या हातात दिलं. वहिनींनी पान उलटसुलट करून पाहिलं. मग हळूच म्हणाल्या, "हे तं कोरं हाये." रिफिल वाळलेली होती. त्या दिवसापासून भाऊंनी पेन धरला नाही. कॉलेज पाहिलेला माणूस, पण बँकेत अंगठा लावायचा, आणि अंगठ्याची शाई पुसताना त्यांचा चेहरा बघवत नसे. डोळसाला वाचता येईल असं काहीतरी एकदा आपल्या हातानं लिहावं, एवढंच त्यांना हवं होतं.

माझा धाकटा भाऊ हसनैन अमरावतीच्या एका कॉलेजात शिकवतो. ईदला आला तेव्हा त्यानंच हे खूळ भाऊंच्या डोक्यात भरलं. म्हणाला, लिनक्स नावाची सिस्टिम आहे, फुकट आहे, कुणाची चोरी नाही. ती पडद्यावरचं सगळं बोलून दाखवते, टाइप केलेलं अक्षर न् अक्षर वाचते. लॅपटॉपही बिनासिस्टिमचा, कोराच मिळतो. पेन ड्राइव्ह लावायचा आणि आपल्या हातानं सिस्टिम टाकायची.

"मले जमन काय?" भाऊंनी विचारलं.

"जमेल. फक्त सुरुवातीला थोडे डोळे लागतील. सिस्टिम नसते तोवर मशीन मुकंच असतं."

"डोळे घरात हायेत," भाऊ म्हणाले.

लॅपटॉप घ्यायला अकोल्याला आम्ही तिघं गेलो. दुकानदार चांगला होता बिचारा. म्हणाला, "काका, कोरा काहून नेता? माझ्याकडे सीडी आहे, दुसरी सिस्टिम टाकून देतो. सगळ्यांना तीच देतो."

"तिचं बिल देता काय?"

दुकानदार हसला.

"मंग नको. मी टाकीन माझ्या हातानं."

दुकानदारानं भाऊंच्या काळ्या चष्म्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं. जणू मीच त्यांना समजावणार होते. शेवटी म्हणाला, कोरा नेला तर सिस्टिमच्या कारणानं परत घेणार नाही. वहिनींनी भाऊंना चिमटा काढला. तो मला दिसला, भाऊंना लागलाही असेल, पण लॅपटॉप घेतलाच.

घरी आल्यावर वहिनींनी तो खोक्यासकट कपाटात ठेवला आणि किल्ली कमरेला लावली. नवी वस्तू पाडव्याला उघडायची, त्याआधी नाही. भाऊंनी एक संध्याकाळ वाद घातला आणि सोडून दिलं. तेवढ्यात हसनैननं ओळखीच्या एसटी ड्रायव्हरच्या हाती पेन ड्राइव्ह पाठवला आणि फोनवर भाऊंना सगळी कृती सांगितली. पाडव्याच्या दिवशी त्याला फोनवर यायला जमणार नव्हतं. भाऊंनी ती कृती पाठ केली. दिवसभर बोटं मांडीवर वाजवत बसायचे.

पाडव्याला सणाचा दिवस म्हणून लाइट होती. मी पुरणपोळी खायच्या निमित्तानं गेले, खरं तर तमाशा बघायला. वहिनींची पूजा झाली होती. झाकणावर कुंकवाचं स्वस्तिक, त्यावर अक्षता, गुढीची उरलेली गाठीसुद्धा घातलेली. एखाद्या नवऱ्या मुलासारखा तो लॅपटॉप पाटावर बसला होता. भाऊंनी झाकण उघडलं तर बटणांच्या फटीत तांदूळ. ते एकेक दाणा टिपत होते आणि वहिनी म्हणत होत्या, "राहू द्या ना, शुभ असते."

मी सातवीपर्यंत शिकलेली, मला इंग्रजी अक्षरं येतात. मी सरसावून पुढे बसले, तर भाऊंनी हात आडवा केला. "सबीहा, तू बोलू नको. उद्या बिघडलं तं तू असशीन काय इथं? मले कौशल्यासंगंच जमाले पाह्यजे."

वहिनींना इंग्रजीचं एक अक्षर येत नाही. इंग्रजी पाचवीपासून असे, आणि त्यांची शाळा तर चौथीतच संपलेली. पण भाऊंना ती अक्षरं डोळे असतानाची आठवत होती. वहिनींनी आकार सांगायचा, भाऊंनी ओळखायचा. मी ओढणी तोंडावर धरून बसले.

भाऊंनी पेन ड्राइव्ह लावला, चालू करायचं बटण दाबलं आणि वरच्या रांगेतलं एक बटण टकाटका मारत राहिले.

"काय दिसून राहिलं?"

"निळं निळं हाये. वरच्या बाजूनं नावं लिवेल हायेत."

"एकेक सांग. मी बाण दाबतो, तसं पुढं जाईन."

पहिली दोन नावं जमली नाहीत. तिसऱ्याला वहिनी पडद्याला नाक लावून म्हणाल्या, "एक उभी काडी, तिले दोन पोटं."

"दोन का एक? नीट पाह्य."

"दोनच हायेत. बाकी सगळे बारीक बारीक हायेत. त्याच्या पुढं भाकर. पुना भाकर. मंग खांबावर आडवं लाकूड."

"बी, ओ, ओ, टी," भाऊ म्हणाले आणि मांडीवर थाप मारली. "हेच पाह्यजे होतं."

आत गेल्यावर बऱ्याच ओळी होत्या. त्यातली एक शोधायची होती. वहिनी एकेक ओळ वरून खाली बघत होत्या. मला ती दिसत होती, माझ्या जिभेला मुंग्या आल्या होत्या. एवढा वेळ गप्प बसायची मला सवय नाही, हे माझ्या नवऱ्याला विचारा.

"हे पाहा," वहिनी म्हणाल्या, "पह्यले घोड्याच्या नालावाणी. मंग साप. मंग तेच दोन पोटाचं."

"यू, एस, बी. आता ते ओळ वर न्यायची. मी दाबतो, तू सांग."

"चढली. आणखी चढली. आता सगळ्यायच्या डोक्यावर जाऊन बसली."

भाऊंनी ते जपून ठेवायचं बटण दाबलं, पडदा काळा झाला, मग वहिनी म्हणाल्या, "जांभळं झालं हो सगळं."

हसनैननं सांगितलं होतं की आता ढोलासारखा आवाज येईल, मग दोन बटणं एकदम दाबायची की मशीन बोलायला लागेल. भाऊ मान तिरकी करून बसले. आवाज आला नाही. त्यांनी बटणं दाबली. काही नाही. बंद करून पुन्हा चालू केलं, पुन्हा जांभळं झालं, पुन्हा शांत. बाहेर एसटीवाला अकोट अकोट ओरडत होता, तेवढंच ऐकू येत होतं.

मी हसनैनला फोन लावला. परीक्षेचे पेपर तपासायला बसला होता, फोन बंद.

भाऊंनी दोन्ही हात मांडीवर ठेवले. "मुका निघाला," म्हणाले. आवाज साधाच होता, पण मला गलबलून आलं. पाडव्यासारखा दिवस, आणि ती वाळलेली रिफिल धरणारी बोटं पुन्हा तशीच रिकामी पडलेली. मला दुकानदाराचा राग आला, हसनैनचा आला, आणि त्या लॅपटॉपच्या तर दोन थोबाडीत द्याव्यात असं वाटलं. वहिनी म्हणाल्या, "वापस करून येऊ."

"तो घेणार नाही. तुह्या समोरच बोलला ना."

थोड्या वेळानं भाऊंचे हात आपोआप मशीनवर गेले. बूथमधला फोन बिघडला की ते असंच करायचे. आधी वायर चाचपायची, मग कडा, मग भोकं. बोटं डाव्या कडेवरून गेली, उजव्या कडेवर आली आणि एका जागी थांबली.

"कौशल्या, इथं हे काय घुसेल हाये?"

वहिनी वाकल्या. वाकून तशाच राहिल्या.

"अगरबत्ती," म्हणाल्या.

"काय?"

"तिथं ते गोल भोक होतं ना. मले वाटलं अगरबत्ती लावाले ठेवलं अशीन. बरोबर बसली. मंग विझल्यावर मी ओढली तं काडी तुटली."

कानात घालायच्या वायरचं भोक होतं ते. भाऊ आधी बारीक हसले, मग एवढे हसले की त्यांना खोकला लागला. "त्याले वाटलं, कोणीतरी कानात घालून ऐकून राहिलं. म्हणून चारचौघात तोंड उघडून नाही राहिला गरीब." मी दुकानातून बारीक सुई आणली. भाऊंनी मशीन बंद केलं, मी काडी टोकरून काढली, आणि वहिनी भिंतीकडे तोंड करून उभ्या राहिल्या. कंपन्यांनी आपल्याकडे माल विकायचा तर अगरबत्तीचं भोक वेगळं द्यायला हवं, असं माझं तेव्हापासूनचं मत आहे.

पुन्हा चालू केलं. जांभळं झालं आणि ढोल वाजला. भाऊंनी बटणं दाबली आणि एक पत्र्याच्या डब्यातून बोलल्यासारखा इंग्रजी आवाज आला. वहिनी दोन पावलं मागे सरकल्या. भाऊंचा चेहरा मी विसरणार नाही. मी त्यांना इतकी वर्षं ओळखते, पण ते इतके तरुण आहेत हे मला माहीत नव्हतं.

पुढे ते आणि तो आवाज. तो विचारी, भाऊ दाबत. भाषा कोणती, डिस्क पूर्ण वापरू का, नाव काय, परवलीचा शब्द काय. आम्हाला ओ की ठो कळत नव्हतं. वहिनी थोडा वेळ शेजारी उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "आता काय दिसते ते सांगू काय?"

"नको. ते सांगून राहिलं," भाऊ म्हणाले. मान वर न करता, नादात.

वहिनी आत गेल्या. मी मागोमाग गेले. पोळपाटावर पुरणपोळी लाटत होत्या, गरज नसताना. "बरं झालं बाई," म्हणाल्या, "माह्या घशाले आराम पडला." चेहरा मात्र आराम पडल्यासारखा नव्हता.

त्यानंतर भाऊंचं सगळं सुरळीत चालू झालं. हसनैननं नंतर येऊन हिंदी आवाज लावून दिला. मराठी आवाज तेव्हा मिळाला नव्हता, म्हणून तो हिंदी माणूस आमचं मराठी वाचायचा. आमच्या तालुक्याचं नाव, 'तेल्हारा', असं म्हणायचा की वाटायचं एखादा बिहारी पाहुणा पत्ता विचारतोय. इंटरनेटचा डोंगल आला. भाऊ पेपर त्याच्याकडून ऐकायचे, कापसाचा भाव हवा तेव्हा. मराठी टाइप करायचं शिकायला बसले, सकाळ-संध्याकाळ क क क, ख ख ख. कुणावर अवलंबून राहायची गरज राहिली नाही. मोठी समाधानाची गोष्ट होती आणि मला तसं मनापासून वाटत होतं.

फक्त दुपारी भिंतीपलीकडून वहिनींचा आवाज येईना. तो पत्र्याचा आवाज यायचा आणि वहिनी माझ्या दुकानात येऊन काजं-बटणं करत बसायच्या. एकदा पेपर आला तर सवयीनं घडी उघडली, पहिली ओळ मोठ्यानं वाचली आणि घडी घालून ठेवली. मी भाऊंना बोलणार होते. पण हे बोलायचं कसं, तेच कळेना. मशीन आलं, छान झालं, पण तुमची बायको रिकामी झाली, असं कुणी सांगतं का?

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, हसनैन आला, तेव्हा भाऊंनी सगळ्यांना बोलावलं. मी, माझा नवरा नासिर, बसस्टँडवरचे चहावाले सहदेव, आणखी दोघं-तिघं. आमरस होता. जेवणं झाल्यावर सहदेव म्हणाले, "भाऊ, आता लिवून दाखवा काहीतरी. आपल्या हातानं."

भाऊ लॅपटॉप समोर घेऊन बसले. थोडा वेळ बोटं नुसती बटणांवर ठेवली. मग म्हणाले, "कौशल्या, इकडे ये. पह्यलं तू वाच."

वहिनी ताटं तशीच ठेवून पदराला हात पुसत आल्या आणि त्यांच्या मागे उभ्या राहिल्या. भाऊ टाइप करायला लागले. त्यांच्या डोक्यात, मला वाटतं, हे दोघांपुरतंच होतं. पण ते मशीन आता चारचौघात तोंड उघडायला शिकलं होतं. एक शब्द पुरा झाला की तो हिंदी माणूस खणखणीत आवाजात तो सगळ्या घराला सांगत होता.

"वाचाले. मशीन. हाये. आता."

सहदेव हसले. भाऊ थांबले. त्यांचे कान लाल झाले. आवाज बंद करायचं बटण त्यांना माहीत होतं, माझ्यासमोर कितीदा दाबलं होतं. त्यांनी ते दाबलं नाही. पुढे लिहीत राहिले.

"तू. मात्र. दुपारी. जवळ. बसत. जाय. तुह्याबिगर. घर. मुकं. लागते."

 हसनैन जमिनीकडे बघत होता. आमचा नासिर, जो मला आजपर्यंत 'चाय कर' याच्यापलीकडे गोड शब्द बोललेला नाही, तो सुद्धा घसा खाकरून छताकडे बघू लागला.

वहिनी पडद्याकडे बघत उभ्या होत्या. मग म्हणाल्या, "त्याले पुना वाचाले सांगा."

"तूच वाच ना," भाऊ म्हणाले. "तुह्यासाठीच लिवलं."

"मले नाही दिसून राहिलं," वहिनी म्हणाल्या, आणि डोळे पुसत त्यांच्याजवळ खाली बसल्या.